जे देता येत नाही, ते आपले आहे का?



मागच्या महिन्यात धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला आणि मुले नेहमीप्रमाणे मैदानाकडे पळाली. नववीतला एक मुलगा मात्र बाकावरच बसून राहिला. त्याची आई दारात उभी होती. "फादर, तुम्हीच याला काही सांगा," ती म्हणाली. "दृढीकरणाला काकांनी दिलेले पैसे याला खेळावर घालवायचेत. आणि कुठे आहे तो खेळ म्हणून विचारले, तर म्हणतो ढगात!"

मी हसलो. मुलगा हसला नाही. त्याने मला सगळे नीट समजावून सांगितले. त्याच्याकडे काकांनी गल्फमधून आणलेला जुना गेमिंग कन्सोल आहे. नवे खेळ त्यावर चालत नाहीत, कारण यंत्रात तेवढी ताकद नाही. पण आता महिन्याची वर्गणी भरली की तेच नवे खेळ इंटरनेटवरून त्याच जुन्या यंत्रावर खेळता येतात. काही खेळ वर्गणीत मिळतात, काही वेगळे पैसे भरून विकत घ्यावे लागतात. मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी तो थांबला होता. "फादर, डिस्कवाला गेम माझा खेळून झाला की मी चुलतभावाला देतो. हा विकत घेतला तरी कुणाला देता येत नाही. मग तो माझा आहे की नाही?"

पुण्याला सेमिनरीत असताना मालकी या विषयावर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. इतका सरळ प्रश्न मात्र मला कुणी विचारला नव्हता. बाप्तिस्म्याची मंडळी येऊन थांबली होती, म्हणून त्या दिवशी मी "पुढच्या रविवारी बोलू" असे सांगून सुटका करून घेतली. पुढचा रविवारही तसाच गेला. त्याच्या प्रश्नाचे हे उशिरा दिलेले उत्तर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात आलेला असेल, म्हणून ते इथे लिहितो.

आधी ही 'ढगातली' भानगड समजून घेऊ. आजवर खेळ कॅसेटमध्ये किंवा डिस्कवर असे आणि आपल्या घरातले यंत्र तो चालवत असे. क्लाउड गेमिंगमध्ये खेळ चालतो दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर. तिथे तयार झालेले चित्र व्हिडिओसारखे आपल्या टीव्हीवर येते, आणि आपण दाबलेल्या बटणाचा संदेश उलट दिशेने तिकडे जातो. घरातला कन्सोल फक्त ने-आण करतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन परत यायला त्याला १० मिलिसेकंद पुरतात. पण चित्र आकसून पाठवणे, घरी ते उलगडणे, वाटेतल्या थांब्यांवर खोळंबणे यात आणखी वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे इकडे बोट दाबले आणि तिकडे उडी उशिरा पडली हे सरावलेल्या मुलाला लगेच कळते. डेटाही भरपूर लागतो. सेकंदाला १० मेगाबिटचा प्रवाह तासभर चालला की साडेचार जीबी खर्च होतात.

हे झाले तंत्र. आता या सोयीतले जे चांगले आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करू या. आपण वडीलधारी माणसे, आणि त्यातही आम्ही धर्मगुरू, मुलांच्या हाती काही नवे दिसले की प्रथम धोक्याची घंटा वाजवतो. आज नवा कन्सोल पन्नास हजारांच्या पुढे आहे आणि एकेक नवा खेळ चार-पाच हजारांना पडतो. आपल्या धर्मग्रामातल्या किती घरांना हे परवडेल? मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल २०१३ साली बाजारात आला. नव्या पिढीचे खेळ त्याला पेलत नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्लाउडची सोय कन्सोलवर आली आणि १ मार्च २०२२ पासून 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' हा विमान उडवण्याचा खेळ, जो त्या यंत्राला एरवी झेपलाच नसता, त्यावर खेळता येऊ लागला. आठ-नऊ वर्षांपूर्वीचे यंत्र भंगारात जायचे वाचले. भारतात ही सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्राची अंतर्गत रचना इतकी वेगळी होती की त्याच्या डिस्क पुढच्या यंत्रांवर चालत नाहीत. त्यांतले अनेक खेळ पुढच्या यंत्रांवर खेळता आले ते क्लाउडमुळेच. जुने यंत्र टिकते, जुना खेळ पुन्हा भेटतो, आणि पन्नास हजार नसलेल्या घरातला मुलगाही पन्नास हजारवाल्याच्या पंगतीला बसतो. यात मला न्यायाचा एक अंश दिसतो, आणि तो मी नाकारणार नाही.

पण मुलाचा प्रश्न याच्या पुढचा होता.

माझे लहानपण नव्वदच्या दशकातले. आमच्या आळीत एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, नंतर आमच्याकडेही एक आला. पिवळ्या-लाल कॅसेटी असत. चालली नाही की खाली फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. माझ्याकडे 'कॉन्ट्रा' होता, शेजाऱ्याकडे 'मारियो'. दर शनिवारी अदलाबदल. ज्या मुलाच्या घरी काहीच नव्हते तोही आमच्यात होता, कारण तो आमच्या घरी येऊन खेळे, आणि पुढे त्याच्या मामाने जुना गेम दिला तेव्हा मी त्याला माझा 'कॉन्ट्रा' खेळायला दिला. तो त्याने परत केला नाही. आईने मला चांगलेच सुनावले होते. पुढे त्याचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले, तेव्हा कॅसेटही त्यांच्याबरोबर गेली असणार. आज तो प्रसंग आठवताना राग येत नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. ती कॅसेट माझी होती, म्हणूनच मी ती देऊ शकलो. देताना मला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आईचीही मागितली नव्हती, हेच तर भांडणाचे कारण होते.

आता दुसरी गोष्ट पाहा. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी गूगलने १४ देशांत 'स्टेडिया' नावाची सेवा सुरू केली. भारतात ती कधीच आली नाही. कन्सोलची गरजच नाही, हाच तिचा दावा होता. लोकांनी हातात धरायचे कंट्रोलर घेतले आणि खेळ पूर्ण किमतीला विकत घेतले. तीन वर्षेही झाली नव्हती तोच सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि १८ जानेवारी २०२३ ला ती बंद झाली. याआधी २०१० साली अमेरिकेत सुरू झालेली 'ऑनलाइव्ह' ही अशीच सेवा ३० एप्रिल २०१५ ला बंद पडली होती, आणि टीव्हीजवळ ठेवायचा तिचा छोटा डबा त्या दिवसापासून नुसता डबा उरला होता.

गूगलशी न्यायाने वागायचे तर हेही सांगायला हवे की त्यांनी आपल्या दुकानातून घेतलेल्या कंट्रोलरचे आणि खेळांचे पैसे परत केले, फक्त मासिक वर्गणी परत केली नाही. कंट्रोलर इतर यंत्रांना ब्लूटूथने जोडता यावा अशी सोयही जाता जाता करून दिली. बाजारात इतके कोण करतो? युबिसॉफ्टसारख्या काही कंपन्यांनी आपले खेळ त्या ग्राहकांना संगणकावर मिळतील अशी व्यवस्था केली. मग तक्रार कसली?

तेव्हा एका खेळाडूची बातमी जगभर आली होती. एका खेळात त्याने स्टेडियावर सुमारे सहा हजार तास घालवले होते, आणि आपले पात्र दुसऱ्या यंत्रावर न्यायला मिळावे म्हणून तो कंपनीला विनवत होता. सहा हजार तास! तुम्ही म्हणाल, फादर, इतके तास खेळणाऱ्याची कीव कशाला करता? त्या तासांचा हिशेब त्याने स्वतःशी करावा, मी त्याचा न्यायाधीश नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. संत थॉमस अक्वायनस परतफेडीविषयी लिहितात तेव्हा सांगतात की घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत करता येत नसेल तर शक्य तेवढी भरपाई करावी. म्हणजे काही गोष्टी परत करता येत नाहीत, हे त्यांनी गृहीत धरले आहे. पैसे परत मिळाले की व्यवहार फिटतो. दिलेला शब्द फिटतो का? लग्नाचा हॉल ऐन वेळी रद्द करून कुणी तुमची आगाऊ रक्कम परत दिली, तर "हिशेब चुकता झाला" असे तुम्ही म्हणाल?

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नाटकाचे तिकीट काढून आपण नाटक पाहतो. पडदा पडल्यावर नाटक घरी नेऊ द्या, असे कुणी म्हणत नाही. वाचनालयाची वर्गणी भरतो, पुस्तके परत करतो. रिक्षाने जातो म्हणून रिक्षा आपली होत नाही. मग खेळाच्या बाबतीतच मालकीचा हट्ट का? जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने साधारण असेच सुचवले होते, की वर्गणीची पद्धत रुजायची असेल तर खेळ आपल्या मालकीचे नसण्याची सवय खेळाडूंना व्हावी लागेल. खेळाडू खूप चिडले होते. मला वाटते, त्या माणसाने निदान खरे ते सांगितले.

कारण माझ्या मते खोट वर्गणीत नाहीच. महिन्याचे पैसे द्या, महिनाभर खेळा, हा नाटकाच्या तिकिटासारखा सरळ व्यवहार आहे. दोघांनाही ठाऊक असते की काय दिले आणि काय मिळाले. खोट आहे ती 'विकत घ्या' असे लिहिलेल्या बटणात. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर फेब्रुवारी २०२२ मध्ये 'किंगडम हार्ट्स' मालिकेचे खेळ आले. ते दुकानात खेळ म्हणून विकले गेले, पण यंत्रात उतरतच नव्हते, क्लाउडवरूनच चालत होते. त्याच यंत्रावर २०१८ साली जपानमध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ७' हा खेळ आला होता. तिथे व्यवहार स्पष्ट होता. १५ मिनिटे फुकट खेळून पाहा, मग २ हजार येन भरा आणि १८० दिवस खेळा. किती प्रामाणिक पाटी! मुदत लिहिलेली, किंमत लिहिलेली. पहिल्या प्रकारात मात्र शब्द विक्रीचा, आणि हाती काय तर परवानगी, तीही समोरच्याचे संगणक चालू असेपर्यंत. खोटे बोलू नये ही आज्ञा आपण तोंडाने बोललेल्या शब्दापुरती धरतो. बटणावर छापलेल्या शब्दाला ती लागू नाही का? कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मिळणार असेल ती केवळ वापराची परवानगी, तर विक्रेत्याने ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणू नये, असा त्याचा आशय आहे. ग्राहकाला मालकी मिळवून देण्यापर्यंत तो जात नाही, शब्द मात्र सरळ करतो. मला ही सुरुवात आवडली.

डिस्क घेतली म्हणजे सगळे सुरक्षित असेही समजू नका. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली डिस्कवरही विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि डिस्क हातात असूनही खेळ गेला. त्यावरून युरोपात खेळाडूंनी मोहीम उभारली, तिला जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. पोरखेळ म्हणून हसण्याचा हा विषय राहिलेला नाही.

सेमिनरीत शिकताना एक जुना वाद मला अगदी निरर्थक वाटे. असिसीच्या संत फ्रान्सिसचे बंधू म्हणत, आम्ही कशाचेच मालक नाही, आम्ही फक्त वापरतो. अंगावरचा झगा, ताटातली भाकरी, सारे केवळ वापरापुरते. पोप निकोलस तिसरे यांनी १२७९ साली हे मान्य केले. पुढे १३२२ साली पोप जॉन बाविसावे यांनी विचारले, जी वस्तू वापरताच संपते तिचा वापर आणि तिची मालकी वेगळी कशी करणार? भाकरी खाल्ली की संपली, मग ती खाताना कुणाची होती? संत थॉमस यांनीही आधी हाच भेद सांगितला होता. घर वापरले तरी उरते, म्हणून ते भाड्याने देता येते. द्राक्षरस पिणे म्हणजेच तो संपवणे. आम्ही विद्यार्थी मागच्या बाकावर बसून म्हणायचो, भाकरी खा ना बाबांनो, मालक कोण हे कशाला? आता कळते की ते काय शोधत होते.

क्लाउडवरचा खेळ या दोन्ही खणांत बसत नाही. तो वापरून संपत नाही, हजारो लोक एकाच वेळी खेळले तरी झिजत नाही. तरी तो वापरणाऱ्याकडे कधीच उरत नाही. फ्रान्सिसच्या बंधूंसारखाच आपला हा नववीतला मुलगा 'केवळ वापरणारा' झाला आहे. फरक एवढाच की त्या बंधूंनी तसे व्रत घेतले होते, समजून-उमजून, आणि याने कुणी न वाचलेल्या बारीक अक्षरांखाली 'मान्य आहे' असे दाबले आहे. शिवाय त्या बंधूंच्या झोळीतली भाकरी वाटेतल्या उपाशी माणसाला देता येत होती. याच्या खात्यातला खेळ चुलतभावाला देता येत नाही.

मालकीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा लोभाविषयी बोलतो, माझे-माझे करणाऱ्या हाताविषयी बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच संत थॉमस यांनी म्हटले आहे की माणसाने वस्तू बाळगावी ती आपली म्हणून, पण वापरताना ती सर्वांची समजावी, गरजूला सहज देता यावी. म्हणजे मालकीचा अर्धा अर्थ देण्यात आहे. मालकी काढून घेतली की लोभ कमी होईल असे वाटते, पण त्याबरोबर देण्याची ताकदही जाते. ज्याच्याकडे नुसत्या परवानग्या आहेत त्याने काय द्यावे? कंपन्यांनी कुटुंबापुरती वाटून खेळण्याची थोडीफार सोय केली आहे हे मला माहीत आहे. पण कुटुंब कोण हे तिथे कंपनी ठरवते. आमच्या आळीतला तो मुलगा त्या यादीत बसला नसता.

व्यसनाविषयी मी आज मुद्दाम फारसे लिहिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि ज्यांच्या घरी मूल रात्र-रात्र जागते त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांशी बोलावे. शेकडो खेळ एका बोटावर आले की मोह वाढतो, हेही खरेच. पण प्रत्येक खेळणारे मूल आजारी नसते, आणि या मुलाने मला प्रश्न विचारला होता तो प्रामाणिकपणाचा. त्याला झोपेचे वेळापत्रक सांगणे म्हणजे उत्तर टाळणे झाले असते.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी त्याला सांगितले, वर्गणी हवी असेल तर एकेका महिन्याची घे, नाटकाचे तिकीट समजून, आणि महिना संपला की हळहळू नकोस. जो खेळ फक्त ढगातच राहतो त्यासाठी 'विकत' म्हणून पैसे मोजू नकोस. आणि जो खेळ कुणाला तरी द्यावासा वाटेल इतका आवडला, तो डिस्कवर शोध, जुनी मिळाली तरी चालेल. आईला म्हणालो, पैसे त्याचे आहेत, चूक झाली तर तीही त्याला त्याच्याच पैशांत करू द्या. आईचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही.

त्याने महिन्याची वर्गणी भरली. दुसऱ्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात आमच्या भागातली केबल तुटली आणि पाच दिवस इंटरनेट नव्हते. ते पाच दिवस तो मैदानात दिसला, हे नमूद करण्यासारखे. महिना संपल्यावर त्याने एका ओळखीच्याकडून फुटबॉलच्या खेळाची जुनी डिस्क सहाशे रुपयांना घेतली. त्याच्या कन्सोलवर ती चालते. खेळून झाल्यावर त्याने ती वर्गातल्या एका मित्राला दिली.

परवा मिस्सानंतर त्याची आई पुन्हा दारात थांबली होती. डिस्क देऊन तीन आठवडे झाले, त्या मुलाने अजून परत केलेली नाही, फादर, तुम्ही त्याच्या घरी एक शब्द टाकाल का, असे विचारत होती. बघतो म्हणालो. अजून टाकलेला नाही.